हॅम रेडिओ क्लबचे नियम: मतदानाने काय ठरतं, काय ठरत नाही

पूर, भूकंप किंवा चक्रीवादळ येऊन मोबाईलचे मनोरे बंद पडले, की बातम्यांत हॅम रेडिओवाले, म्हणजे हौशी रेडिओचालक, दिसू लागतात. कुणी अँटेना उभारतोय, कुणी माईकवरून औषधांची यादी सांगतोय. ते पाहून पुष्कळांना वाटतं, हे आपणही शिकावं. मग जवळचा क्लब शोधला जातो आणि पहिल्याच भेटीत माणूस बुचकळ्यात पडतो. अर्जात सभासदत्वाचे तीन-चार प्रकार. फलकावर वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना आणि तिच्यात घटनादुरुस्तीचा ठराव. कोपऱ्यात रेडिओ संच दिसतो, पण परवाना नसेल तर त्याला एकट्याने हात लावायचा नाही, असं सांगितलं जातं. छंद म्हणून आलो आणि इथे ही कलमं कशाला, असं त्याला वाटलं तर नवल नाही.

याचं उत्तर एका गोष्टीत आहे. हॅम क्लबमध्ये दोन वेगळ्या ठिकाणांहून आलेले नियम एकाच वेळी लागू असतात. काही नियम सभासदांनी स्वतः केलेले असतात आणि ते सभासदांना बदलता येतात. काही परवान्याबरोबर सरकारकडून आलेले असतात. सगळ्या सभासदांनी एकमुखाने ठराव केला तरी त्यातला एक शब्द हलत नाही. क्लबांमधली बहुतेक भांडणं या दोहोंची गल्लत झाल्यामुळे होतात, असं माझं ठाम मत आहे. म्हणून ही विभागणी नीट समजून घेऊ.

## हॅम म्हणजे कोण आणि परवाना कशासाठी

हॅम म्हणजे हौशी रेडिओचालक. त्याची व्याख्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या रेडिओ नियमावलीत दिलेली आहे. १८६५ साली तारायंत्राच्या कामासाठी सुरू झालेली ही संस्था आज संयुक्त राष्ट्रांची विशेष संस्था आहे आणि कोणत्या रेडिओ लहरी कोणत्या कामाला द्यायच्या हे तिच्या परिषदांमध्ये ठरतं. व्याख्येचा आशय असा: स्वतः शिकणं, आपसात संपर्क साधणं आणि तांत्रिक शोध घेणं यासाठीची ही सेवा, ती चालवणारे लोक रीतसर अधिकार मिळालेले असावेत, त्यांना रेडिओच्या तंत्रात रस असावा, उद्देश केवळ वैयक्तिक असावा आणि त्यात आर्थिक हितसंबंध नसावा.

'रीतसर अधिकार' आणि 'आर्थिक हितसंबंध नाही' या दोन अटी लक्षात ठेवा. क्लबच्या कारभारातले अर्धे प्रश्न त्यांच्यापाशीच येऊन थांबतात.

याच नियमावलीचं २५ वं कलम हौशी सेवेबद्दल आहे. त्यानुसार प्रत्येक देशाने परवाना देण्यापूर्वी अर्जदाराची तांत्रिक आणि प्रत्यक्ष वापराची पात्रता तपासायची असते. हॅम एकमेकांशी सांकेतिक, अर्थ लपवणाऱ्या भाषेत बोलू शकत नाहीत. उपग्रहाला दिल्या जाणाऱ्या नियंत्रण-आज्ञांना तेवढी सूट आहे. देशांच्या सीमा ओलांडणारं संभाषण हौशी सेवेच्या उद्देशांपुरतं आणि वैयक्तिक स्वरूपाच्या गप्पांपुरतं असावं लागतं. तिसऱ्या माणसाचे निरोप सीमेपलीकडे पोचवणं मुळात आपत्ती आणि मदतकार्यासाठी राखलेलं आहे. त्यापलीकडे काय चालेल ते त्या त्या देशाचं सरकार ठरवतं. मोर्स, म्हणजे टिंब-रेघांच्या लिपीच्या, परीक्षेची सक्ती मात्र २००३ च्या परिषदेनंतर प्रत्येक देशावर सोडली गेली आणि अनेक देशांनी ती काढून टाकली.

परवान्याबरोबर कॉलसाइन मिळतं, म्हणजे अक्षरं आणि अंक मिळून बनलेलं, जगात दुसऱ्या कुणालाही न दिलेलं नाव. त्याच्या सुरुवातीच्या अक्षरांवरून देश कळतो. भारतातली हौशी केंद्रं सहसा व्हीयूने सुरू होतात, जर्मनीतली डीने. प्रसारण करताना हे नाव सांगावंच लागतं. अमेरिकेत ते बोलण्याच्या शेवटी आणि बोलणं चालू असताना किमान दर १० मिनिटांनी सांगण्याचा नियम आहे.

इतकी कडक शिस्त कशाला? कारण लहर कुंपणापाशी थांबत नाही. ७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा संदेश रात्री वातावरणाच्या वरच्या थरावरून परत फिरून हजारो किलोमीटरवर ऐकू जातो, आणि तिथे जर तो कुणाच्या कामात अडथळा आणत असेल तर तक्रार तुमच्या सरकारकडे येते. हा हक्क काढूनही घेतला जातो, हे हॅम लोकांनी अनुभवलेलं आहे. १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली तेव्हा तिथली सगळी हौशी केंद्रं बंद करण्यात आली. प्रसारणाची मुभा परत मिळायला १९१९ उजाडलं. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तेच झालं. १९२५ मध्ये पॅरिसला आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघ स्थापन झाला तो याच जाणिवेतून, की लहरींच्या वाटपाच्या टेबलावर हौशी लोकांची बाजू मांडणारं कुणीतरी हवं. १८ एप्रिल हा त्याचा स्थापनादिवस जगभर हौशी रेडिओ दिन म्हणून पाळला जातो.

## दहा जणांनी घेतलेली गाडी

आता क्लबकडे वळू. समजा, दहा मित्रांनी वर्गणी काढून एक गाडी घेतली. कुठे फिरायला जायचं, पेट्रोलचा खर्च कसा वाटायचा, गाडी कुणाच्या दारात उभी करायची, हे सगळं ते मतदानाने ठरवू शकतात. पण ज्याच्याकडे वाहन परवाना नाही त्याला चालवायला बसवायचं, असा ठराव ते करू शकत नाहीत. लाल दिवा तोडायचा असंही बहुमताने ठरत नाही. आणि चाकामागे बसलेल्याला बाकीचे नऊ जण म्हणाले, 'दामट, आम्ही आहोत,' तरी दंडाची पावती त्याच्याच नावाने फाटते.

हॅम क्लब नेमका असाच असतो. संच, अँटेना, बँकेतले पैसे, खोलीची किल्ली ही सगळ्यांची मालमत्ता. तिच्याबद्दल सभा ठरवते. लहरींवर काय जातं याची जबाबदारी मात्र परवानाधारक व्यक्तीची, आणि ती सभेला स्वतःकडे घेता येत नाही. उलट बाजूही तितकीच खरी आहे: परवाना माझ्या नावावर आहे म्हणून संच माझा, असं कुणाला म्हणता येत नाही. चांगल्या घटनेत या दोन्ही बाजू शब्दांत लिहिलेल्या असतात.

## क्लबच्या कॉलसाइनमागे एक माणूस असतो

क्लबलाही स्वतःचं कॉलसाइन मिळू शकतं. पण क्लब ही काही माईकसमोर बसणारी व्यक्ती नाही, म्हणून कायदा एक नाव मागतो. अमेरिकेतला नियम उदाहरणादाखल पाहण्यासारखा आहे. तिथे क्लब केंद्राच्या परवान्यासाठी किमान चार जणांचा गट लागतो, गटाला नाव लागतं, संघटनेचा लेखी दस्तऐवज लागतो, कारभार पाहणारी व्यवस्था लागते आणि मुख्य उद्देश हौशी रेडिओचाच असावा लागतो. परवाना ज्याच्या नावे निघतो त्याला ट्रस्टी म्हणतात, आणि त्याची नेमणूक क्लबचा पदाधिकारी करतो. इतर देशांत शब्द बदलतात, पण एक जबाबदार परवानाधारक लागतो ही गोष्ट बहुधा सारखीच असते. मी त्याला इथे 'केंद्रप्रमुख' म्हणतो.

हे काम अध्यक्षालाच का देत नाहीत, असं नवे सभासद हमखास विचारतात. देता येतं, पण मला विचाराल तर देऊ नये. अध्यक्ष एक-दोन वर्षांसाठी निवडून येतो. त्याच्यात सभा चालवण्याचं, माणसं जोडण्याचं कसब लागतं. तो परवान्याच्या वरच्या श्रेणीचा असेलच असं नाही. केंद्रप्रमुखाकडे मात्र योग्य श्रेणी हवी, तांत्रिक जाण हवी आणि गरज पडली तर अध्यक्षालाही 'आत्ता प्रसारण बंद' असं सांगायची हिंमत हवी. हा अधिकार घटनेत स्पष्ट लिहावा: कायद्याचा भंग होतोय असं केंद्रप्रमुखाला वाटलं तर तो कुणालाही न विचारता केंद्र बंद करू शकेल आणि ठरावीक दिवसांत समितीपुढे कारण मांडेल. समितीला त्याची नेमणूक बदलता येईल. पण तो पदावर असेपर्यंत 'चालू कर' असा हुकूम त्याला देता येणार नाही.

याच्याशी जोडलेला एक दुखरा विषय आहे. हॅम वारला की त्याला 'सायलेंट की' म्हणतात. की म्हणजे मोर्सची कळ. क्लबचा परवाना ज्याच्या नावे असतो तो अचानक गेला, दुसऱ्या देशात स्थायिक झाला किंवा रागावून निघून गेला, तर वर्षानुवर्षं वापरलेलं कॉलसाइन अधांतरी लटकतं. म्हणून पर्यायी केंद्रप्रमुखाचं नाव आधीच ठरलेलं असावं, परवान्याची मुदत आणि नूतनीकरणाची तारीख सचिवाच्याही वहीत असावी, आणि मूळ कागदपत्रं कुणाच्या घरच्या कपाटात न राहता क्लबच्या दप्तरात असावीत. हे एक वाक्य घटनेत नसल्यामुळे चांगल्या चाललेल्या क्लबांची फार धावपळ होते.

## घटनेत काय आणि पोटनियमांत काय

क्लबचे लिखित नियम दोन कागदांत विभागलेले असतात. घटना म्हणजे सहसा न बदलणारा पाया: नाव, उद्देश, सभासद कोण, मताचा हक्क कुणाला, समिती कशी निवडायची, मालमत्ता कुणाच्या नावे, घटना बदलायची कशी, क्लब बंद करायचा कसा. पोटनियम म्हणजे रोजचा कारभार: वर्गणी किती, किल्ली कुणाकडे, संच घरी न्यायचा तर किती दिवस. घटना बदलायला सहसा दोन तृतीयांश मतं आणि आगाऊ लेखी सूचना लागते, पोटनियम साध्या बहुमताने बदलतात. वर्गणीचा आकडा घटनेत लिहून ठेवणारे क्लब दर दोन वर्षांनी अडकतात. तो आकडा पोटनियमांतच हवा.

सभासदत्वाचे प्रकार पाहून गोंधळू नका. परवानाधारक सभासदाला पूर्ण हक्क असतात. शिकाऊ किंवा सहयोगी सभासद म्हणजे परीक्षेची तयारी करणारा. याशिवाय विद्यार्थी, कुटुंबीय, मानद असे प्रकार असतात. खरा वाद होतो तो परवाना नसलेल्याला मत द्यावं का यावर. माझ्या मते वर्गणी, खोली, खरेदी, निवडणूक अशा गोष्टींत त्याला मत द्यावं, कारण पैसे त्याचेही आहेत. केंद्रप्रमुखाची निवड आणि लहरींवरच्या कामाचे नियम यांवर फक्त परवानाधारकांनी मत द्यावं. काही क्लब शिकाऊंना मुळीच मत देत नाहीत, आणि मग तेच क्लब नवी पिढी येत नाही म्हणून हळहळतात.

गणपूर्ती, म्हणजे कोरम, ही संकल्पनाही अनेकांना विनाकारण जाचक वाटते. सभेला किमान किती जण हजर असले तर निर्णय वैध, एवढाच तिचा अर्थ. ती नसेल तर पावसाळी संध्याकाळी आलेले चार जण क्लबची सगळी शिल्लक नव्या टॉवरवर खर्च करायचं ठरवू शकतात. ती फार वरची ठेवली तर सभाच होत नाही. सभासदसंख्येच्या एक पंचमांश ते एक चतुर्थांश हा आकडा लहान क्लबांना झेपतो. गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब करून पुढे त्याच विषयपत्रिकेवर घेता येते, पण नवा विषय घुसवता येत नाही, हेही लिहून ठेवावं.

इतिवृत्ताबद्दल फक्त एवढंच: कोण काय बोललं हे लिहायची गरज नाही. ठराव काय, सूचक कोण, अनुमोदक कोण, मतं किती पडली, हे लिहावं आणि पुढच्या सभेत वाचून मंजूर करून घ्यावं.

## 'समितीत वर्षानुवर्षं तीच माणसं!'

ही तक्रार मला जवळजवळ प्रत्येक क्लबबद्दल ऐकू येते आणि ती बऱ्याचदा खरी असते. पण कारण नेहमी सत्तेची हाव हेच असतं असं नाही. वीस-पंचवीस जणांच्या क्लबमध्ये हिशेब ठेवायला तयार असलेला माणूस एकच असतो. त्याला हटवलं तर जागा रिकामी राहते.

यावर उपाय म्हणून सगळ्या पदांना सरसकट मुदतीची मर्यादा घालतात. मी ती अध्यक्ष आणि खजिनदार या दोन पदांनाच घालेन. रिपीटर, म्हणजे उंच जागी बसवलेलं, बोलणं पुढे पाठवणारं क्लबचं केंद्र, सांभाळणाऱ्या जाणत्याला दोन वर्षांनी घरी बसवण्यात अर्थ नाही. त्याच्या हाताखाली दरवर्षी एक मदतनीस नेमावा आणि त्याने ज्ञान कागदावर उतरवून द्यावं: वायरिंगचा आराखडा, फिल्टर जुळवण्याची नोंद, पासवर्डचं सीलबंद पाकीट. सत्ता आणि माहिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्लबमध्ये एका माणसाच्या डोक्यात बंद असलेली माहिती एका माणसाच्या हातातल्या सत्तेपेक्षा जास्त नुकसान करते.

निवडणूक घेणारा स्वतः उमेदवार नसावा, हे सांगायलाच नको. हितसंबंधांबाबत हॅम जगातच एक चांगला दाखला आहे. अमेरिकेत परवान्याच्या परीक्षा स्वयंसेवक परीक्षक घेतात. प्रत्येक परीक्षेला किमान तीन परीक्षक लागतात आणि कुणालाही आपल्या जवळच्या नातेवाइकाची परीक्षा घेता येत नाही. हेच तत्त्व क्लबच्या खरेदीला लावावं. ज्याच्या भावाच्या दुकानातून केबल येणार आहे त्याने तो विषय आला की आधी तसं सांगावं आणि मतदानापासून दूर राहावं. इतिवृत्तात त्याची नोंद व्हावी. त्यात त्याच्यावर अविश्वास नाही, उलट उद्या त्याच्यावर बोट उचलायला जागा राहत नाही.

## रिपीटर: क्लबचा जीव आणि भांडणाचं घर

आता सगळ्यात गुंतागुंतीच्या विषयाकडे. हातात मावणाऱ्या संचाची ताकद साधारण ५ वॅट असते, आणि ज्या उच्च वारंवारतेवर तो चालतो ती लहर बरीचशी सरळ रेषेत जाते. डोंगर, इमारत मध्ये आली की ती अडते. म्हणून उंच जागी एक स्वयंचलित केंद्र बसवतात. ते एका वारंवारतेवर ऐकतं आणि तेच त्याच क्षणी दुसऱ्या वारंवारतेवर जास्त ताकदीने प्रसारित करतं. हा रिपीटर. १४४ मेगाहर्ट्झपासून सुरू होणाऱ्या २ मीटर बँडवर या दोन वारंवारतांमधलं अंतर सहसा ६०० किलोहर्ट्झ असतं. एवढ्या थोड्या अंतरावर एकाच अँटेनातून ऐकणं आणि बोलणं साधायला डुप्लेक्सर नावाचे मोठे धातूचे गाळणी-डबे लागतात, आणि ते महाग असतात. सगळ्यांच्या पैशांतून उभी राहिलेली, एका परवान्यावर चालणारी, परक्याच्या जागेवर बसलेली आणि कुणीही हाताळू शकेल अशी ही वस्तू. भांडणं इथे होतात यात आश्चर्य नाही.

'मी वर्गणी भरतो, मला रिपीटरवर बोलायला कोण अडवणार?' हा आक्षेप पहिला. उत्तर: ज्याच्या परवान्यावर तो चालतो तो अडवू शकतो. अमेरिकी नियमांत हे स्पष्ट शब्दांत आहे, की रिपीटरचा वापर ठरावीक केंद्रांपुरता मर्यादित ठेवणं वैध आहे. वर्गणीने तुम्हाला क्लबच्या मालमत्तेत वाटा आणि सभेत मत मिळतं. दुसऱ्याच्या परवान्यावर चालणारं प्रसारण तुमच्या मर्जीने वापरायचा हक्क मिळत नाही. पण इथेच क्लबची जबाबदारी सुरू होते. केंद्रप्रमुखाने एखाद्याला थांबवलं तर ते तात्पुरतं असावं, कारण लेखी द्यावं, आणि ठरावीक मुदतीत समितीने दोन्ही बाजू ऐकाव्यात. नाहीतर कायदेशीर अधिकाराचा वापर वैयक्तिक राग काढायला होतो, आणि तसं होताना मी पाहिलं आहे.

दुसरा आक्षेप याच्या उलट टोकाचा. 'कुणीतरी रिपीटरवरून अर्वाच्य बोललं, तर शिक्षा केंद्रप्रमुखाला का?' अमेरिकेत नकळत पुढे पाठवल्या गेलेल्या अशा बोलण्यासाठी रिपीटरच्या नियंत्रकाला जबाबदार धरत नाहीत. ज्या केंद्रातून ते मुळात आलं ते जबाबदार. पण कळल्यावरही चालू ठेवलं तर 'नकळत' हा शब्द उरत नाही. म्हणून दुरून बंद करण्याची सोय हवी, ती कुणाकुणाला वापरता येते त्यांची नावं ठरलेली हवीत, आणि त्यांच्यातला एक तरी जण कायम हाताशी हवा. बऱ्याच रिपीटरवर सुमारे ३ मिनिटांचं घड्याळ लावलेलं असतं. त्यापेक्षा जास्त वेळ कुणी बटण दाबून धरलं की तो आपोआप गप्प होतो. लांबलचक बोलणाऱ्यांना राग येतो खरा, पण खिशात दाबला गेलेला संच तासभर वाट अडवून बसण्यापेक्षा हे बरं.

जागेचा करार हा तिसरा मुद्दा, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. उंच जागा मिळते ती सहसा कुणाच्या तरी ओळखीने. मग करारही त्या ओळख असलेल्या सभासदाच्याच नावाने होतो, कधी तर नुसता तोंडी. तो सभासद दुरावला की रिपीटर असून नसल्यासारखा होतो, कारण वर जायची किल्लीच मिळत नाही. करार क्लबच्या नावाने, दोन पदाधिकाऱ्यांच्या सहीने व्हावा. विजेचं बिल कोण भरणार, वीज कोसळून नुकसान झालं तर काय, यंत्र काढून नेण्याचा हक्क कुणाला, हे त्यात यावं. आणि मास्टवर, म्हणजे अँटेनाच्या उंच खांबावर, एकट्याने कुणीही चढायचं नाही, ही अट क्लबच्या नियमांत असावी. ती मोडणाऱ्याला काम कितीही चांगलं झालं तरी शाबासकी देऊ नये.

वारंवारता निवडण्याचंही स्वातंत्र्य क्लबला पूर्ण नसतं. शेजारच्या दोन क्लबांनी एकच वारंवारता धरली तर दोघांचेही रिपीटर कुचकामी होतात. म्हणून अनेक देशांत कुणी कोणती वारंवारता वापरावी हे सुचवणारे समन्वयक असतात. अमेरिकेत दोन रिपीटरांचा एकमेकांना अडथळा झाला तर तो सोडवायची जबाबदारी दोघांची सारखी असते. मात्र एकाने समन्वय करून घेतला असेल आणि दुसऱ्याने नसेल, तर मुख्य जबाबदारी समन्वय न करून घेणाऱ्याची. 'आम्ही आधी आलो' या वाक्याला त्यामुळे फारसं वजन राहत नाही, कागदाला राहतं.

## पैसा चालतो, कमाई चालत नाही

आर्थिक हितसंबंध नको म्हटलं, मग क्लब वर्गणी कशी घेतो? ही शंका अनेकांना येते. बंदी आहे ती लहरींवरून कमाई करण्यावर: पैसे घेऊन निरोप पोचवणं, दुकानाची जाहिरात करणं, धंद्याचे व्यवहार बोलणं. खोलीचं भाडं, केबल, बॅटऱ्या यांसाठी पैसे जमवणं हा वेगळा विषय आहे. काही ठिकाणी बारीक अपवादही आहेत. अमेरिकेत जुना संच विकायचा आहे असं एक हॅम दुसऱ्याला लहरींवर सांगू शकतो, फक्त तो नेहमीचा उद्योग होता कामा नये. शाळेत वर्गाला शिकवताना केंद्र चालवणाऱ्या शिक्षकाचा पगारही तिथे आड येत नाही.

क्लबच्या आतल्या पैशांसाठी रीत साधी आहे. बँक खातं क्लबच्या नावाने, सह्या दोघांच्या, वर्षातून एकदा समितीबाहेरच्या माणसाकडून हिशेब तपासणी. याहून जास्त काळजी वस्तूंची घ्यावी लागते. हॅम लोक उदार असतात. कुणी पॉवर सप्लाय आणून ठेवतो, कुणी अँटेना ट्यूनर. पाच वर्षांनी तो म्हणतो मी वापरायला ठेवला होता, क्लब म्हणतो तुम्ही दिला होता. वस्तू आली त्याच दिवशी वहीत 'भेट' की 'वापरासाठी' हे लिहून सही घ्यावी.

सायलेंट की झालेल्या सभासदाच्या घरचे संच विकायला क्लबने मदत करणं ही फार चांगली प्रथा आहे. पण घरच्यांना त्या वस्तूंचं मोल ठाऊक नसतं, म्हणून इथे नियम जास्त कडक हवा. किंमत किमान दोन जाणकारांनी ठरवावी, त्यांनी स्वतः त्यातली वस्तू घेऊ नये, आणि यादीची प्रत कुटुंबाला द्यावी. दुःखात असलेल्या माणसांशी व्यवहार करताना चोख असणं हे क्लबचं कर्तव्यच आहे.

## क्लब परवाना काढून घेऊ शकतो का?

नाही. क्लब सभासदत्व काढू शकतो, संचाला हात लावू नका म्हणू शकतो, रिपीटर नाकारू शकतो. परवाना देणं आणि काढणं हे सरकारचं काम. म्हणून 'तुझा परवाना रद्द करायला लावतो' ही धमकी क्लबमधल्या कुणालाही शोभत नाही. लहरींवरच्या गैरवर्तनाचा पुरावा असेल, म्हणजे तारीख, वेळ, वारंवारता, ध्वनिमुद्रण, तर तो परवाना देणाऱ्या कार्यालयाकडे द्यावा आणि तिथे थांबावं. प्रत्यक्ष लहरीवर अडथळा आणणाऱ्याला उत्तर देऊ नये. त्याला हवा असतो तो प्रतिसादच.

सभासदत्व काढण्यापूर्वी आरोप लेखी कळवावा, उत्तराला वेळ द्यावा, तक्रार करणाऱ्याने निर्णय देणाऱ्यांत बसू नये आणि सर्वसाधारण सभेकडे दाद मागता यावी. वागणुकीची कसोटी मात्र नियमांच्या लांब यादीत सापडत नाही. १९२८ मध्ये पॉल सेगल या अमेरिकी हॅमने हौशी रेडिओचालकासाठी सहा गुण लिहिले. त्यात पहिला होता दुसऱ्याचा विचार करणं: आपल्या प्रसारणाने दुसऱ्याचा आनंद कमी होणार नाही असं वागणं. अनेक क्लब आजही ते सहा गुण आपल्या नियमपुस्तिकेच्या सुरुवातीला छापतात आणि मला ते योग्य वाटतं, कारण तक्रार निवारताना समितीला नेमकं काय तोलायचं ते त्यातून कळतं.

## आपत्तीत सभा बोलवायला वेळ कुठे असतो?

नसतोच, म्हणून आपत्तीच्या काळासाठीचा अधिकार आधीच देऊन ठेवायचा असतो. लहरींवर अनेक केंद्रं एकत्र येऊन काम करतात त्याला 'नेट' म्हणतात आणि ते चालवणारं एक केंद्र असतं, नेट कंट्रोल. त्याने बोलायला सांगितलं की बोलायचं, थांब म्हटलं की थांबायचं. तिथे मतदान नाही, ज्येष्ठता नाही. कालच परवाना मिळालेली मुलगी नेट कंट्रोलला बसली असेल तर क्लबच्या अध्यक्षानेही तिचं ऐकायचं. घटनेत एवढंच लिहावं, की आपत्तीत समन्वयकाला ठरावीक रकमेपर्यंत खर्चाचा आणि साहित्य हलवण्याचा अधिकार राहील आणि काम संपल्यावर तो सभेला हिशेब देईल.

आपणहून आपत्तीच्या जागी धावत जाणं मात्र नियमाने थांबवावं. प्रशासनाने किंवा मदत संस्थेने बोलावल्याशिवाय सभासद क्लबच्या नावाने जाणार नाहीत, हे लिहिलेलं असलं पाहिजे. न बोलावता गेलेल्या माणसाला जेवण, पाणी आणि जागा लागते, आणि तिथे नेमकी याच गोष्टींची टंचाई असते. आंतरराष्ट्रीय नियमावली देशांना सांगते की हौशी केंद्रांना आपत्तीतल्या कामासाठी तयार होऊ द्या. त्या तयारीतला मोठा भाग संचाचा नसतोच. कोण कुणाला विचारून निघेल हे ठरवण्याचा असतो.

## 'आम्ही आठच जण आहोत, हे सगळं कशाला?'

आठ जणांना चाळीस पानांची घटना नको, हे मान्य. एक पान पुरतं. त्यावर क्लबचा उद्देश, मत कुणाला, पैसे कुणाच्या सह्यांनी निघतील, केंद्रप्रमुख आणि त्याचा पर्यायी कोण, वस्तूंची वही कुणाकडे, आणि क्लब बंद करायची वेळ आली तर काय, एवढं असावं. शेवटचा मुद्दा लिहायला सगळे संकोचतात. क्लब सुरू करतानाच तो मोडायचा विचार अशुभ वाटतो. पण लहान क्लब कमी होत जातात: एक गाव सोडतो, एकाची दृष्टी जाते, एक वारतो, आणि मग तिघे उरतात ज्यांच्या ताब्यात सगळ्यांच्या पैशांचं सामान असतं. तेव्हा ते सामान आपसात वाटून घेऊ नये. देणी फेडून उरलेलं सगळं समान उद्देशाच्या दुसऱ्या क्लबला किंवा रेडिओ शिकवणाऱ्या संस्थेला जावं, कॉलसाइन नियमाप्रमाणे परत करावं, डोंगरावरचा रिपीटर उतरवून जागा मालकाला मोकळी करून द्यावी, आणि लॉगबुकं, म्हणजे संपर्कांच्या नोंदवह्या, ज्या क्लबकडे सामान जातं त्याच्याकडे सोपवावीत. हे कलम आठ जण एकमेकांशी चांगले बोलत असतानाच लिहून त्यावर सह्या करून घ्याव्यात, कारण नंतर त्यावर एकमत होणं फार अवघड जातं.